मिरचीवर आळ घेण्याआधी

पत्र:

डॉक्टरबाई, माझं माहेर लातूरकडचं, सासर परभणी जिल्ह्यातल्या मानवत तालुक्यातलं. तिखट दोन्हीकडं खातात, पण सासरी हद्द आहे. सकाळी तव्यावरचा ठेचा, रात्री कोरड्यासावर बोटभर तर्री. ह्यांना (वय ४१) वर्षभरापासून छातीत जळजळ होते, झोपलं की घशाशी आंबट पाणी येतं. मी ठेचा बंद केला तर सासूबाई म्हणाल्या, “तिखट न्हाई म्हनल्यावर जेवायचं तरी कामून?” आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचंही पोट दुखतं, पण सकाळी गुडघ्याची गोळी घेतली की कामाला लागतात. सासऱ्यांना मात्र आता तिखट सोसत नाही. तोंड भाजतं म्हणतात, भाकरी दुधात कुस्करून खातात. वयामुळं असेल. धाकटा चार वर्षांचा आहे, त्याला आजी ठेच्याचं बोट चाटवते. आणि ह्यांनी मला मोबाईलवर दाखवलं की तिखट खाणारी माणसं जास्त जगतात! खरं काय? ठेचा बंदच करू का?
– मानवतकडची एक सून

उत्तर:

ताई,

ठेचा बंद करू नका. निदान एवढ्यात तरी नका. तो बंद झाला की घरातली सगळी दुखणी त्याच्या खात्यावर मांडली जातील आणि सगळ्यांना वाटेल की उपाय झाला. तुमच्या पत्रातली दोन वाक्यं तुम्ही जाता जाता लिहिलीत, मी मात्र तिथंच अडकले. एक सासऱ्यांच्या तोंडाचं, दुसरं सासूबाईंच्या गोळीचं. तुमच्या मालकांची जळजळ, ती राबताना होत नसेल तर, दोन आठवडे थांबू शकते. ही दोन कामं थांबू शकत नाहीत.

आधी मिरची तोंडात गेल्यावर काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. तिखटपणा ज्या द्रव्यानं येतो त्याला कॅप्सायसिन म्हणतात. आपण म्हणतो बी तिखट असतं. मिरची उभी चिरून बघा, आत पांढरी शीर दिसेल. तिखटाचं कोठार ती शीर. बिया तिला चिकटलेल्या असतात म्हणून त्यांना ते लागतं. आपल्या जिभेत, गालात, अन्ननलिकेत, पोटात आणि पार खाली गुदद्वारापर्यंत उष्णता ओळखणाऱ्या नसांची टोकं आहेत. तापमान साधारण ४३ अंशांच्या पुढं गेलं की ती मेंदूला कळवतात, ‘भाजतंय’. मे महिन्यात परभणीचा पारा जिथं जाऊन टेकतो, तोच हा आकडा. कॅप्सायसिन त्याच घंटेची दोरी ओढतं. जीभ गरम झालेली नसते, फोड आलेला नसतो, पण घंटा वाजली म्हटल्यावर मेंदू आपलं काम करतो. घाम काढतो, नाकाडोळ्यांतून पाणी काढतो. ही घंटा नेमकी कोणती, ते अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली शोधून काढलं. त्याबद्दल २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत विभागून मिळालं.

रोज रोज दोरी ओढली की नस थकते आणि ओरडणं कमी करते. सासूबाईंना तुमच्यापेक्षा दुप्पट तिखट लागतं ते त्यामुळं.

कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं. म्हणून ठसका लागल्यावर तांब्याभर पाणी प्यायलं तरी आग विझत नाही, उलट तोंडभर पसरते. दही, ताक, दूध यांनी ती उतरते, कारण दुधातलं प्रथिन कॅप्सायसिनला जिभेवरून ओढून नेतं. आपल्याकडं चटणीत खड्डा करून त्यात कच्चं करडईचं तेल ओतायची रीत आहे ना, तिच्यामागं हेच शहाणपण असावं असं मला वाटतं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’ नावाचं करडईचं वाण काढलेलं, पण आता शिवारात करडई दिसते कुठं? सगळीकडं सोयाबीन. असो.

आता तुमचे सासरे.

जो माणूस सारा जन्म ठेचा खात आला त्याच्या नसा सरावलेल्या असतात. वय झालं की चव बोथट होते. म्हातारी माणसं उलट वरून तिखट मागतात, “कोरड्यासाला चवच न्हाई” म्हणून सुनेला बोल लावतात. मग यांनाच एकाएकी ते झोंबायला का लागलं? मिरची तीच आहे. बदललंय ते तोंड.

तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारते, ते सुपारी खातात का? तंबाखू-चुना, गुटख्याची पुडी, मावा? राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी कोणत्या टपरीवर मिळते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सुपारी चघळणाऱ्यांना एक रोग होतो, त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गालाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू पांढुरकं पडतं, चामड्यासारखं ताठ होतं आणि तोंड उघडेनासं होतं. त्याची पहिली खूण बहुतेक वेळा हीच असते, तिखट झोंबणं. तोंड कमी उघडणं पुढं कधीतरी दिसतं. एके काळी डॉक्टरांनाही या रोगात मिरचीचाच संशय होता. पुढं अभ्यासातून गुन्हेगार सुपारी ठरली. मिरची फक्त आधीच सोललेल्या जागेवर पडून ओरडत होती.

आज संध्याकाळी एवढं करा. त्यांना उजेडात बसवा आणि त्यांचीच मधली तीन बोटं एकाला एक चिकटवून, उभी करून, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तिन्ही बोटं बसली तर ठीक. दोनच गेली, तर तोंड आखडतंय. मग मोबाईलची बॅटरी लावून दोन्ही गाल, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांपेक्षा जुनी जखम, हाताला लागणारी गाठ किंवा ताठ दोरी, यातलं काहीही असलं तर बाजारच्या दिवसाची वाट बघू नका. परभणीला जिल्हा रुग्णालयात दाताच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी पुढं पाठवलं तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, मानवत रोडहून रेल्वेनं जाता येतं. या रोगात पुढं काहींना कर्करोग होतो. ताठ झालेलं अस्तर पुन्हा पहिल्यासारखं मऊ होणं अवघड, पण सुपारी सुटली तर पुढचं नुकसान थांबवता येतं. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, १८००-११-२३५६. पैसे पडत नाहीत.

सुपारी-तंबाखूला त्यांनी कधी हात लावलेला नसला तर इतर कारणं बघायची. सैल कवळी घासणं, तोंडात बुरशी, अंगात रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं, साखर वाढलेली असणं. यातली बरीचशी साध्या रक्ततपासणीत कळतात आणि बरी होतात. दूध-भाकरीवर ते किती महिने आहेत, वजन उतरलंय का, धोतर किंवा पँट सैल झालीय का, एवढं आठवून ठेवा. डॉक्टर विचारतील.

आता सासूबाई. इथं मी माझीच एक चूक सांगते, कारण तीच त्यांच्या घरात चाललीय.

१९८८ ची गोष्ट. तालुक्याच्या गावी नवीनच बसले होते. एक चाळिशीचे शेतकरी पोटात आग होते म्हणून आले. मी रुबाबात सांगितलं, मिरची बंद, दही-भात खा. तेव्हा आम्हाला शिकवलेलंही तसंच होतं, अल्सर म्हणजे तिखट, चिंता आणि आम्ल. माणूस शब्दाचा पक्का. महिनाभर त्यानं घरात फोडणीचा वाससुद्धा येऊ दिला नाही. महिन्यानं त्याला बैलगाडीत निजवून आणला. पापणी खाली ओढून बघितली तर आत कागदासारखं पांढरं. तीन दिवस शौचाला काळं होत होतं, हे मी विचारलंच नव्हतं. आणि कंबर दुखते म्हणून दुकानातून तो रोज दोन दुखण्याच्या गोळ्या घेत होता, तेही विचारलं नव्हतं. रक्ताच्या बाटल्या चढवून वाचला. बरा झाल्यावर मला म्हणाला, “बाई, तुमी मिरची सोडाया लावली, गोळी तेवडी ऱ्हायली.” आजही कुणी पोट धरून आलं की मला आधी ते वाक्य ऐकू येतं.

अल्सरची दोन मोठी कारणं आहेत. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. ऑस्ट्रेलियाच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तो १९८२ साली शोधला. कुणी विश्वास ठेवेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूंचा प्याला स्वतः पिऊन पोट बिघडवून दाखवलं. त्यांना नोबेल मिळालं २००५ मध्ये. आपल्या देशात हा जंतू फार जणांच्या पोटात असतो. तपासणीत सापडला आणि त्रास देत असला तर साधारण दोन आठवड्यांच्या औषधांनी जातो. दुसरं कारण, दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही त्या जातीची नावं. पोटाच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर असतो, तो आम्लापासून पोटाला वाचवतो. हा थर राखणारी यंत्रणाच या गोळ्या ढिली करतात. मिरचीनं अल्सर होतो याला पुरावा नाही. असलेला अल्सर ती झोंबवते, एवढंच.

पहाटे पाचला, रिकाम्या पोटी, कोऱ्या चहाबरोबर गोळी, असंच असणार सासूबाईंचं. कापूस वेचायला जाणाऱ्या, निंदायला बसणाऱ्या शेकडो बायांचं हेच असतं. मी त्यांना दोष देत नाही. गुडघा धरला की त्या दिवसाची मजुरी जाते. पण दोन गैरसमज काढून टाका. ‘जेवून घेतली की काही होत नाही’ हा पहिला. गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्तातून फिरून पोटाचा थर पुन्हा बिघडवते, त्यामुळं भाकरीचा आडोसा पुरत नाही. ‘दुखलं असतं तर कळलं असतं’ हा दुसरा. कित्येकदा अल्सर दुखतच नाही, एकदम रक्तस्रावच होतो, कारण दुखणं दाबायची गोळी तर चालूच असते. शिवाय या गोळ्या रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात. वय झालेल्या माणसाला हे जास्त महाग पडतं.

त्यांना हळूच एक विचारा, शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं होतं का? लोहाच्या गोळ्या चालू असतील तरी रंग काळा होतो, ते वेगळं. पण ती गोळी नसताना काळं होत असेल, किंवा उलटीत कॉफीच्या रंगाचं काही पडलं असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. तसं काही नसेल तर आठवड्याभरात. गोळीचं रिकामं पाकीट बरोबर न्या. नाव आठवत नसतं कुणालाच, सगळे ‘पांढरी मोठी गोळी’ म्हणतात. गुडघ्याला पॅरासिटामॉल चालेल का, पोट सांभाळणारं औषध जोडीला हवं का, हे डॉक्टर ठरवतील.

आणि एक गंमत सांगते, सासूबाईंना आवडेल. मिरचीतलंच कॅप्सायसिन घालून केलेलं मलम गुडघेदुखीसाठी मिळतं. दिवसातून तीन-चारदा, काही आठवडे नियमानं लावलं की तिथल्या नसा थकतात आणि दुखणं कमी वाटतं. वर सांगितलं तेच तत्त्व. पहिले काही दिवस आग होते. डॉक्टरांना विचारून आणा, जखमेवर लावू नका, लावल्यावर हात साबणानं धुवा. हे वाचून कुणी गुडघ्यावर ठेचा थापू नका. एका बाईंनी थापला होता. फोड बरे व्हायला तीन आठवडे लागले.

आता तुमचे मालक. जळजळीबद्दल पहिला प्रश्न मी पोटाचा विचारत नाही, छातीचा विचारते. पाट्या उचलताना, पंप फिरवताना, चढ चढताना जळजळ होते आणि थांबलं की कमी होते, असं आहे का? ती डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाते का? दरदरून घाम, दम? असं असेल तर ते पित्त नाही, हृदय असू शकतं. ईसीजी काढा. खेड्यात हार्ट अटॅकला ‘गॅस’ समजून सोडा पिऊन निजलेली माणसं मी बघितली आहेत, सकाळी उठलेली नाहीत. वय ४१ म्हणजे तरुण, असं समजू नका.

पण तुम्ही लिहिलंय की झोपल्यावर आंबट पाणी वर येतं. हे पोटातलं आम्ल अन्ननलिकेत चढण्याचं लक्षण आहे. अन्ननलिका आणि पोट यांच्यामध्ये एक वळं असतं, घास खाली सोडतं आणि आवळून घेतं. ते ढिलं पडलं की आम्ल वर येतं. तंबाखू त्याला ढिलं करते, दारू करते, तेलकट भरपेट जेवण करतं, सुटलेलं पोट खालून दाबतं. पण त्यांच्या बाबतीत माझा संशय लाईटीवर आहे. पाण्याची पाळी असली की शेतकऱ्याची रात्र लाईटीच्या वेळापत्रकावर चालते. साडेनऊ-दहाला गच्च जेवायचं, लगेच अंग टाकायचं, बाराला लाईट आली की हरभऱ्याला पाणी द्यायला उठायचं. पोट भरलेलं, माणूस आडवा, मग आम्लाला वाट मोकळीच. त्यात अन्ननलिका आधीच सोललेली, तिच्यावरून तर्री गेली की तीच घंटा वाजते. आणि सगळं घर म्हणतं, तिखटानं झालं.

त्यांच्यासाठी मी तिखटाची जागा बदलीन. ठेचा सकाळच्या भाकरीबरोबर राहू द्या, त्यानंतर माणूस दिवसभर उभा असतो. रात्री तर्री नको, वरण, घुटं, ज्वारीची भाकरी, दोन घास कमी. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. पाळीच्या दिवशी ते जमत नसेल तर सातला जेवून घ्या, रात्री उठल्यावर भूक लागली तर मूठभर मुरमुरे. खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा घालून ती बाजू साधारण ६ ते ८ इंच उंच करा. उशा रचून ते साधत नाही, मान तेवढी वाकते. डाव्या कुशीवर झोपायला सांगा. तीन आठवडे हे करून बघा आणि कॅलेंडरवर जळजळीच्या रात्री टिंबानं मांडा. ठेचा खाऊनही टिंबं कमी झाली, तर सासूबाईंसमोर तुमचा साक्षीदार तयार. नाही झाली, तर डॉक्टरांना दाखवून गोळी घ्या. आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. लोक जेवल्यावर घेतात आणि म्हणतात गुण येत नाही. पण वर्षानुवर्षं स्वतःच्या मनानं तीही नको, आणि सोड्याच्या पुड्या रोज नकोत, त्यात सोडियम भरपूर असतं. घास अडकायला लागला, वजन कारण नसताना उतरलं, किंवा उलटी-शौचात रक्त दिसलं, तर मग दुर्बिणीची तपासणी.

मोबाईलवरचा मजकूर खोटा नाही, अर्धा आहे. २०१५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चीनमधला एक मोठा अभ्यास छापून आला. ४ लाख ८७ हजार माणसं, सरासरी सात वर्षं त्यांच्यावर नजर. जवळजवळ रोज तिखट खाणाऱ्यांत, आठवड्यातून एकदापेक्षा कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचा धोका १४ टक्क्यांनी कमी दिसला. पण हा नुसता बघून काढलेला निष्कर्ष आहे. कुणाला तिखट देऊन आणि कुणाला न देऊन केलेला प्रयोग नाही. ज्याचं पोट धड नाही तो आधीच तिखट सोडतो, आणि आजारी माणूस लवकर जातो. तिखट खाणारे आणखी काय खातात, किती राबतात, तेही त्यात मिसळलेलं असतं. अभ्यासकांनी स्वतःच सांगितलंय की यावरून कारण ठरवता येत नाही. मालकांना सांगा, आकडा खरा आहे, त्याचं औषध करू नका.

तिखटापेक्षा ठेच्यातलं मीठ मला जास्त डाचतं. दिवसाला माणशी ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. तव्यावर मिरच्या काळ्या डागांवर आल्या की सासूबाई वरून मुठीतलं खडेमीठ सोडतात आणि पितळी तांब्याच्या बुडानं रगडतात ना? ती मूठ एकदा वाटीत ओतून बघा, किती भरते आणि किती तोंडांत वाटली जाते. वर लोणचं, पापड. तिखट खाल्ल्यानं रक्तदाब वाढतो असं म्हणतात, तो बहुधा या मुठीनं वाढतो. मीठ निम्मं करून शेंगदाणे आणि लिंबू वाढवलं तर ठेचा मरत नाही, मी खाल्लाय.

लेकराचं थोडक्यात. बोट चाटवल्यानं त्याला रोग होणार नाही, पण त्यातून त्याला मिळत काहीच नाही. बोट डोळ्यात गेलं तर रडून घर डोक्यावर घेईल, ठसका लागला तर घास घशात अडकेल. त्याचं वरण आधी काढून ठेवा, मग फोडणीत तिखट घाला. तो स्वतः मागेल तेव्हा दह्यात कालवून द्या. हसण्यासाठी लेकराला तिखट देणं मला पटत नाही. त्याला दुखतंच, फक्त नीट सांगता येत नाही.

पुढचं पत्र मूळव्याधीचं असतं, म्हणून आताच सांगते. मूळव्याध मिरचीनं होत नाही, कुंथण्यानं होते, बद्धकोष्ठानं होते. पण चिरा पडलेल्या असतील तर तिखट जाताना तिथलीही घंटा वाजवतं, त्या दिवसांत कमी खा. पाणी, पालेभाजी, भाकरी वाढवा.

वर्षाचं तिखट कुठून घेता? धर्माबादच्या बाजारातून मिरची येत असेल, की सिल्लोड-भोकरदनकडची? कुठलीही असो, देठ काढून कडकडीत उन्हात वाळवल्याशिवाय कांडपावर नेऊ नका. ओलसर मिरचीत बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक आहे. कुटताना ते निघून जात नाही, तळताना पुरतं जळत नाही. बुरशी दिसली की मिरची फेकायची, निवडून वापरायची नाही. तयार तिखट आणलंत तर काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चिमूटभर वरून भुरभुरा. रंगाच्या रेघा लगेच खाली सुटायला लागल्या तर वरून रंग लावलेला असण्याची शक्यता आहे. तळाशी बसलेला गाळ बोटांत चोळा, कचकच लागली तर विटेची भुकटी. पेट्यांत भरलेल्या लालभडक तिखटापेक्षा डोळ्यादेखत कांडलेलं किंचित मळकं तिखट मी कधीही घेईन.

सासूबाई म्हणतील, वाडवडलांपासून खातोय. म्हणू द्या. मिरची या देशात पोर्तुगीजांबरोबर आली, सोळाव्या शतकात. त्याआधी आपल्याकडं मिरी होती, पिंपळी होती. ज्ञानेश्वरांच्या आपेगावात त्यांच्या काळी कुणी ठेचा खाल्लेला नाही. पण हे वाक्य त्यांच्याशी वाद घालायला वापरू नका, त्या पुन्हा दोन दिवस गप्प बसतील.

तुम्ही असं करा. उद्या सकाळी तव्यावरचा ठेचा होऊ द्या आणि पहिला घास तुम्ही घ्या. सांगा, डॉक्टरबाईंनी ठेचा बंद करायला सांगितलेला नाही. मग गोळीचं पाकीट मागा. याच क्रमानं मागितलंत तर देतील.